चांगल्या उजेडासाठी राखलेला रोल

फोटोवाल्याची बायको जेवणं उरकल्यावर ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत आली आणि स्टुलावर बसली. स्टुडिओचा तो शेवटचा दिवस होता. उद्या सकाळी डार्करूम मोडायला माणसं येणार होती.

"आज फोटो," ती म्हणाली. "दोघांचा."

एकतीस वर्षांत फोटोवाल्याने गावातलं जवळपास प्रत्येक तोंड टिपलं होतं. नोकरीच्या अर्जावरची घाबरलेली तोंडं, साखरपुड्यातली लाजरी तोंडं. इथे उघडी-नागडी पालथी पडलेली बाळं पुढे आपापली बाळं घेऊन आली होती. दर्शनी काचेत एक जोडपं कितीतरी वर्षं हसत होतं. ते कोण, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. मात्र फोटोवाल्याचा बायकोबरोबर एकही फोटो नव्हता. लग्नातले फोटो त्याच्या गुरूने काढले होते, आणि आनंदाच्या भरात भिंगावरचं झाकण काढायचं राहून गेलं होतं.

त्यानंतर दर वेळी काहीतरी आडवं यायचं. ऊन असलं तर सावल्या कडक पडायच्या, ढग असले तर तोंडं मेणचट दिसायची. चांगल्या उजेडाच्या दिवसासाठी त्याने एक खास रोल फ्रिजमध्ये लिंबांच्या शेजारी राखून ठेवला होता. तो बनवणारी कंपनी बंद पडली, दोन फ्रिज बदलले, लिंबं तर किती आली नि गेली. रोल तिथेच होता.

"आज आभाळ बघितलंस का?" फोटोवाला म्हणाला.

"बघितलं. निळं आहे."

"तेच म्हणतो. फार निळं आहे. शिवाय मागचा पडदा मळलाय."

"काल धुतलाय."

पडदा धुतलेला होता, पण वाळलेला नव्हता. तरीही बायकोने तो दांडीवर चढवला. ओल्या पडद्याच्या वजनाने दांडी खिळ्यांसकट खाली आली, दांडीने मोठा दिवा पाडला आणि दिव्याने फ्यूज उडवला. अंधारात फोटोवाल्याचा आवाज बराच प्रसन्न वाटला. "बघ. आता दिवेच नाहीत. आपण असं करू—"

"मागच्या अंगणात काढू," बायको म्हणाली आणि स्टूल उचलून चालायला लागली.

अंगणात त्याने तिकाटण्यावर कॅमेरा ठेवला. फ्रिजमधला रोल आणून त्यातून बाहेर आलेली फिल्मची जीभ नीट बघितली. वापरलेल्या रोलची जीभ दुमडायची, कोऱ्याची सरळ ठेवायची, हा या दुकानाचा जुना नियम. जीभ सरळ होती. फोटोवाला रोल आत बसवत असताना बायको काहीतरी बोलायला गेली आणि थांबली.

"काय?"

"काही नाही. घाला तुम्ही."

टायमर दहा सेकंदांचा होता. पहिल्या वेळी फोटोवाला धावत येईपर्यंत टिक् झालं. दुसऱ्या वेळी तो वेळेत पोचला, पण ज्या स्टुलावर एकतीस वर्षं गिऱ्हाइकं बसली, ते मालकाच्या वजनाला नाही म्हणालं. तो जमिनीवर बसलेला असताना टिक् झालं. आवाज ऐकून शेजारचा सलूनवाला भिंतीवरून डोकावला. त्याच्या एका हातात वस्तरा होता.

"दादा, पडलात का?"

"नाही, बसलोय. इकडे ये आणि हे बटण दाब."

"माझं गिऱ्हाईक अर्धं झालंय हो."

"अर्धं झालंय म्हणजे पळून जाणार नाही," बायको म्हणाली. "या."

सलूनवाला आला. "मोबाईलवर काढू का वहिनी? दोन मिनिटांचं काम."

"मोबाईलवर!" फोटोवाला म्हणाला. एवढ्या एका शब्दात त्याने या विषयावरची सगळी मतं मांडली. सलूनवाल्याने मुकाट्याने कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

फ्यूज बांधून फोटोवाला शेवटचं म्हणून डार्करूममध्ये शिरला. रोल धुऊन वाळवला. त्याच्यावर नको इतकी गर्दी दिसत होती. "जुना रोल, खराब झाला असणार," तो पुटपुटला. तरी त्याने तिसरी फ्रेम कागदावर घेतली आणि कागद ट्रेमध्ये सोडला. लाल दिव्याखाली बायको शेजारी येऊन उभी राहिली.

कागदावर आधी एक दार उमटलं. स्टुडिओचं पुढचं दार, बाहेर लख्ख उजेड. मग दारात पाठमोरा माणूस. भरघोस केस, एक हात कपाळावर धरून आभाळ बघणारा. त्याच्या काळ्या पाठीतच आजची बायको ठळक बसलेली होती. तिच्या शेजारी जिथे आजचा फोटोवाला असायला हवा होता, तिथे नुसता पांढरा उजेड होता.

"हा कोण?" असं विचारता विचारताच त्याने शर्ट ओळखला. निळ्या चौकटींचा, कधीच फाटून गेलेला.

"बारा वर्षांपूर्वी काढला मी," बायको म्हणाली. "तुम्ही रोज दारात उभे राहून उजेड बघायचात. म्हटलं, तुमचा फोटो दुसरं कोण काढणार? छत्तीसच्या छत्तीस काढले आणि रोल परत लिंबांशेजारी ठेवला. तुम्ही कधीतरी धुवाल तेव्हा कळेल, म्हटलं. जीभ दुमडायची असते हे नंतर आठवलं. आजचे फोटो त्यांच्यावरच बसले."

"अगं, मग आज सांगायचंस ना! मी रोल घालत होतो तेव्हा!"

"तेव्हा बोलले असते तर तुम्हाला आणखी एक सबब मिळाली असती."

फोटोवाला कितीतरी वेळ कागद औषधात हलवत राहिला. त्या सगळ्या दुपारी ती मागे काउंटरशी उभी असायची, हे त्याला आत्ता दिसत होतं.

"हवा होता ना उजेड," ती म्हणाली. "घ्या. त्यात तुम्हीच दिसेनासे झालात."

"पुन्हा काढू," तो म्हणाला. "चांगला दिवस बघून एकदा—"

लाल दिव्यात बायकोने त्याच्याकडे फक्त बघितलं. त्याने वाक्य तिथेच सोडलं, हात पुसले आणि अंगणात जाऊन हाक मारली. "अरे, मोबाईल घेऊन ये!"

सलूनवाला भिंतीवरून डोकावला. "आता? दिवस कलला हो दादा. उजेड काही बरा नाही. उद्या सकाळी झकास येईल."

फोटोवाला मोडक्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसला आणि त्याने बायकोसाठी जागा केली.

"उजेडाचं मला शिकवतोस? दाब बटण."

फोटोत बायकोचे डोळे मिटलेले आले. फोटोवाल्याने तो चष्मा लावून नीट बघितला आणि चांगला आलाय म्हणाला.