गुंडप्पाअण्णांचं नवं तेल

आमच्याकडे जेवायला बसले की गुंडप्पाअण्णा आधी चटणीवरचं करडीचं तेल दोन बोटांत चोळायचे आणि बोटं कानाशी न्यायचे. "तेल बोलतंय, मास्तर!" एवढं म्हणून झालं की मगच भाकरी मोडायचे. माझी बायको यावर आतल्या आत धुमसायची.

निजामशाही जाऊन फार दिवस झाले नव्हते. बसवकल्याणात आमच्या गल्लीत एकच ट्रक होता, अण्णांचा. त्याच्या मागच्या चाकांमध्ये जो गिअरचा गोळा असतो, त्यातून सारखा 'हूंऽऽ' असा आवाज यायचा. अण्णांना त्याची सवय झाली होती. पण एकुलती एक लेक नीलव्वा पहिलटकरीण, तिला आणायला ते संतपूरला गेले आणि विहीणबाईंनी दारातच अडवलं.

"गाडी रडायलीय तुमची. रडत्या गाडीत पोटुशी सून पाठवत न्हाई मी."

बायको वारल्यापासून अण्णांना नीलव्वाशिवाय दुसरं कुणी नव्हतं. बाळंतपण माहेरीच व्हायला हवं होतं. रिकामा ट्रक रडत परत आला.

गल्ली शहाण्यांनी भरलेली. कुणी एरंडेल ओता म्हणालं, कुणी लाकडाचा भुसा कोंबा म्हणालं. अण्णांनी सरळ बीदरच्या उस्तादांचं गॅरेज गाठलं. उस्तादांनी गोळ्यातलं तेल बोटावर घेतलं.

"नक्को, ये पतला है. नव्वे डालो!"

अण्णांनी इंजिनाच्याच तेलाचा नवा कोरा डबा फोडून ओतला. गाडी रडतेच! पुन्हा बीदर, पुन्हा "नव्वे डालो!", पुन्हा नवा डबा. "याच्याहून नवं तेल कुठून आणू?" म्हणत शेवटी त्यांनी मला धरून नेलं, कारण माझं शिक्षण उर्दूत झालेलं. उस्ताद पुन्हा "नव्वे डालो!" ओरडले आणि मला हसूच आवरेना.

"अण्णा, नवं नव्हे, नव्वद! नव्वद नंबरचं जाड गिअर तेल."

"अय्यो! तोंबत्तु?" अण्णांनी कपाळावर हात मारला. "मग कन्नडात सांगायला काय झालं होतं?"

नव्वद नंबरचं तेल आलं. काकवीसारखं दाट, आणि वास सडक्या अंड्याचा. जन्मात अंड्याला न शिवलेल्या अण्णांनी तो अत्तरासारखा हुंगला, बोटं चोळली, कानाशी नेली. "आता गप्प झालं बघा!"

आणि खरंच, गाडी चिडीचूप! विहीणबाईंनी ट्रकला संतपुरात दोन फेऱ्या मारायला लावल्या, कान देऊन ऐकलं आणि मुकाट्यानं सुनेची ओटी भरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक न रडता गल्लीत शिरला. सगळी गल्ली गोळा झाली. आता अण्णांचं तेलपुराण तासभर चालणार, म्हणून मी ओट्यावर ऐसपैस बसलो होतो. बायको भाकरतुकडा घेऊन पुढे झाली.

ट्रकमध्ये बसल्या बसल्याच अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. नीलव्वा त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती. त्यांचा हात अवघडून गेला असणार, पण ते हलत नव्हते.

"उतरवा की तिला," बायको म्हणाली.

"थांबा अक्का," अण्णा कुजबुजले. "सासरी रोज कोंबड्याच्या आधी उठायलीय पोर. आता माहेरी आलीय. उठवायची घाई कामून?"