रेघ कशाला?

नाथा दहावीला गणितात दोनदा आपटला होता. पण टेम्पोत कोणतं फूल किती मावतं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी चुकत नसे. त्यामुळे दिशा वही घेऊन रडकुंडीला आली, तेव्हा तो ओट्यावर मांडी ठोकून बसला.

"पप्पा, दोन एक्स अधिक तीन वाय बरोबर चोवीस. ही रेषा दोन्ही अक्षांना कुठे छेदते ते काढायचंय."

"एक्स म्हणजे झेंडूचं क्रेट, दोन फूट जागा खातं. वाय म्हणजे शेवंतीची करंडी, तिला लागतात तीन. टेम्पोत जागा चोवीस. शेवंती घेतलीच नाय, तर झेंडू किती?"

"बारा क्रेट."

"अन् झेंडू नसला तर?"

"आठ करंड्या. एवढंच होय? आता दोन बिंदू जोडून रेघ मारायची."

"दोन्ही टोकं घावली ना? मग रेघ कशाला?" नाथा म्हणाला. समजावताना त्याने एका चिठ्ठीवर लिहिलं होतं: झेंडू १२, शेवंती ०. त्याखाली: झेंडू ०, शेवंती ८. उठताना हाताच्या सवयीने ती त्याने दाराच्या खिळ्याला टोचली.

त्या घरात खिळ्यावरची चिठ्ठी म्हणजे ऑर्डर. पहाटे नाथाची बायको सिंधुबाई ती वाचून माल भरायची. दुसऱ्या दिवशी दोन टेम्पो जायचे होते, एक पिंपळगावला लग्नात, दुसरा वणीला देवीच्या सजावटीला. दोन्हीकडे सहा क्रेट झेंडू आणि चार करंड्या शेवंती हवी होती. नव्या मंडपवाल्याचं हे पहिलंच काम. चुकलं की तो पुन्हा दारात उभं करणार नव्हता. आणि ही खरी ऑर्डर नाथाच्या डोक्यातच राहिली होती.

सकाळी आठला पिंपळगावात त्याने ताडपत्री उचलली. आत नुसता झेंडू. तेवढ्यात वणीहून धाकट्या भावाचा, समाधानचा फोन.

"दादा, हितं सगळी शेवंतीच हाय."

नाथाने घरी फोन लावला. "अगं, काय भरलंस हे?"

"चिठ्ठीत होतं तेच," सिंधुबाई म्हणाली. "मलाबी नवल वाटलं. पण अक्षर तुमचंच होतं."

"दोन्हीकडं सहा क्रेट अन् चार करंड्या हव्या होत्या. मुहूर्त अकराचा हाय, फुलं लावायलाच तास जातो. नाशिकला येऊन परत जायला वेळ नाय. मेलो मी."

दिशाने आईच्या हातून फोन घेतला. "पप्पा, तुम्ही एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला. मधली रेघ म्हणजे पिंपळगाव-वणी रस्ता. दोघं अर्ध्या वाटेवर भेटा. तुम्ही सहा क्रेट द्या, काकांकडून चार करंड्या घ्या. सहा दुणे बारा, चार त्रिक बारा. दोन्ही गाड्या बरोबर भरतात."

नाथाने समाधानला निघायला सांगितलं. मग स्वतःची गाडी वळवली.

साडेदहाला लग्नाच्या मंडपात दोन्ही फुलं लागली, आणि वणीतही आरतीआधी. मंडपवाला खूश होऊन पुढच्या आठवड्याचं काम सांगून गेला.

संध्याकाळी दिशा गणित पुरं करायला बसली. नाथाने स्वतःहून पट्टी पुढे केली. "रेघ नीट मार. आमच्या रस्त्याला लय वळणं होती."

तिने बारा आणि आठ जोडले. नाथाने रेघेवर बोट फिरवत सहा-चारचा बिंदू शोधला आणि पेनाने बाजूला लिहिलं, 'इथे चहा प्यालो.'

दुसऱ्या दिवशी बाईंनी गणिताला पैकीच्या पैकी गुण दिले. चहाच्या ओळीखाली मात्र लाल शाईत विचारलं होतं, 'कोणाबरोबर?'