बिबट्याच्या घरी गिनी पिग

एका जंगलात, बाळांनो, सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणूनच तिथे पाळीव प्राण्यांचं दुकान निघालं.

दुकान काढलं एका भेकरानं. बिबट्या दिसला की भुंकून साऱ्या रानाला सावध करायचं, हे त्याचं पिढीजात काम. पण भुंकून भुंकून त्याचा घसा पार बसला. मग ते दुकानदार झालं. दारावर त्यानं पाटी लावली : ‘आत कुणी कुणाला खाऊ नये.’

पहिलं गिऱ्हाईक आली चित्रा, टेकडीवरची बिबट्याची मादी. तिची दोन पिल्लं, बिंदी आणि गोट्या, आठ दिवस तिच्यामागे भुणभुण करत होती.

“आई, सगळ्यांकडे काहीतरी पाळलेलं आहे.”

“कुणाकडे?”

“असेल कुणाकडे तरी!”

“आणि त्याचं करणार कोण?”

“आम्ही! गवत आम्ही आणू, घर आम्ही झाडू. शप्पथ!”

“गिनी पिग न्या, वहिनी,” भेकर घोगऱ्या आवाजात म्हणालं. “जोडीनंच न्या, एकटं झुरतं. ऊन नको, वारा नको. लपायला एक मडकं हवं. रोज एक आवळा. आणि कोवळं गवत, ते मात्र दिवसातून चारदा.”

“एवढं तर मी या दोघांचंही केलं नाही,” चित्रा म्हणाली. पण जोडी घेतली.

गुहेत एकच कोपरा कोरडा आणि बिनवाऱ्याचा होता. तिथे चित्राचे यजमान झेपेराव झोपत. आता ते जांभळाच्या फांदीवर गेले.

“मी काय म्हणतो,” त्यांनी तिथून विचारलं, “यांना खायचं कधी?”

पोरांनी भोकाड पसरलं. “नाव दिलेल्याला खात नाहीत, बाबा! हा लाडू आणि हा पेढा!”

“मग असली नावं कशाला दिलीत?” झेपेराव पुटपुटले आणि कूस बदलून झोपले.

पहिल्या दिवशी गवत गोट्यानं आणलं. दुसऱ्या दिवशी बिंदीनं. तिसऱ्या दिवसापासून चित्रानं.

गवताची सळसळ कानावर पडली, की लाडू-पेढा आनंदानं अशा शिट्ट्या मारत, की दरी दुमदुमे. चित्राला बरं वाटे. तिला पाहून त्या घरात इतका आनंद आजवर कुणालाच झाला नव्हता.

एका संध्याकाळी ती शिकारीला निघाली. खालच्या माळावर चितळं चरत होती. दबकत दबकत ती उंच गवतात शिरली. गवत जरासं सळसळलं.

“वीक! वीक! वीक!” वरून शिट्ट्या सुरू.

चितळांनी माना वर केल्या आणि माळ मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या माळावर गेली. लाडू-पेढ्याला तिथलंही ऐकू आलं. सलग पाच दिवस पोरांच्या पुढ्यात ओढ्यातले खेकडेच पडले. सहाव्या दिवशी गोट्या म्हणाला, “आई, फासळ्या मोजता येतात माझ्या.”

चित्रानं जोडी टोपलीत घातली आणि तडक दुकान गाठलं.

“परत घेतो की,” भेकर म्हणालं. आवाज खणखणीत!

“घसा बरा झाला वाटतं?”

“हो ना. तुम्ही जोडी नेल्यापासून एकदाही भुंकावं लागलं नाही.”

चित्रानं दात विचकले. मग तिनं पाटीकडे बघितलं.

“फक्त जोडी परत दिल्याचं पोरांना तुम्ही सांगा हं,” भेकर मऊपणे म्हणालं.

टोपलीत पेढा तिच्या पंजावर मान टाकून झोपला होता.

तेवढ्यात वाघीणबाई आल्या. मागे रडवेले तीन बछडे.

“काय हो चित्राबाई, तुम्ही नेले होतेत ना? काही त्रास नाही ना?”

भेकरानं कान टवकारले. चित्राला पाच दिवसांचे खेकडे आठवले. एक शब्द पुरला असता.

“छे हो! त्रास कसला?” ती म्हणाली. “मुलांना जबाबदारी कळते. तुम्ही तर दोन जोड्या न्या, तुमची गुहा मोठी आहे.”

आणि टोपली उचलून ती घरी निघाली. वाटेत आजचा आवळाही घ्यायचा होता.

तात्पर्य : मुलांना जबाबदारी शिकवायची असेल, तर घरी प्राणी जरूर आणावा. आईला ती तिसऱ्या दिवशी येते. आणि शेजारणीला सावध करू नये. ते भेकराचं काम आहे, आणि त्याचं दुकान सध्या छान चाललंय.