कार्बोरेटरचा स्क्रू

यापुढे आपल्या मोटारसायकलला कुठल्याही मिस्त्रीचा हात लागू द्यायचा नाही, असं दाऊदभाईंनी एका सकाळी चहा पिता पिता ठरवलं. नुसतं ठरवून गप्प बसले असते तर बरं होतं. पण नाही, त्यांनी ते करून दाखवलं.

दाऊदभाई मस्कतला एका मोठ्या गॅरेजात स्टोअरकीपर होते. म्हणजे खोक्यांवर लेबलं चिकटवायचे. (पाना हातात धरायचे, पण तो दुसऱ्याला द्यायला.) पनवेलला परतल्यापासून मात्र उरण नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यांच्याएवढा इंजिनिअर दुसरा नव्हता. गाडी त्यांच्या अब्बांची, जुनी. तिचा रोग एकच. मिस्त्रीने कार्बोरेटर ट्यून करून दिला की गाडी एखाद-दुसरा दिवस गुण्यागोविंदाने चालायची. मग पुन्हा घराजवळच्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला रे सोडला, की सायलेन्सरमधून फटाके! न्हावा शेव्याला जाणाऱ्या ट्रेलरच्या धडधडाटातही ते घरापर्यंत ऐकू यायचे.

"खाडीची हवा आहे दाऊदभाई. कार्बोरेटरला बाधते," विठू मिस्त्री म्हणाला.

"तुझ्या अकलेला बाधलीय!" दाऊदभाईंनी चारचौघांत त्याचा पाणउतारा केला. त्याच्या आधीच्या सगळ्या मिस्त्रींनाही चोर, अडाणी, हमाल अशा पदव्या वाटून झाल्या होत्या.

घरात मात्र त्यांचा दरारा होता (असं त्यांचं मत). टीव्हीवरच्या मालिका बंद, शेजारणींच्या गप्पा बंद. डॉक्टरांनी त्यांना तळलेलं बंद केल्यावर त्यांनी अख्ख्या घराला तळलेलं बंद केलं. ते घरात शिरत तेव्हा बायको शहाबानो शिलाई मशीनवर, लेक आयत पुस्तकात आणि अम्मी तसबीहची माळ ओढत बसलेल्या. "घर कसं चालवावं, ते माझ्याकडून शिका," असं ते टपरीवर रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. नाक्यावर त्यांची जी काही इज्जत होती, ती एवढ्या एका वाक्यावर उभी होती.

तर साहेब अंगणात बसले. इंजिन गरम केलं, स्क्रू पूर्ण आवळला, मग हळूहळू सोडत गेले. शहाबानो सारखी बाहेर यायची. "अहो, उन्हात डोकं दुखेल, आत या." "सरबत करते, जरा पडा तरी." वीस वर्षांच्या संसारात एवढी काळजी तिने कधी केली नव्हती. दाऊदभाई मनातून सुखावले, पण गाडीपासून हलले नाहीत. आणि आश्चर्य म्हणजे, जमलं! गाडी इतकी गपगार चालायला लागली की चालू आहे की बंद, ते हात लावून बघावं लागे. लगेच स्वारी मेव्हण्याला दाखवायला खारघरला निघाली.

परत येताना वळणावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला. फटाके नाहीत, चूं नाही. दाऊदभाई ऐटीत दाराशी उतरले, आणि थबकले.

आत टीव्ही बोंबलत होता. बोंबील तळल्याचा वास दरवळत होता. शेजारची हौसा मांडी ठोकून बसली होती, आणि मधोमध आयत चमचा घेऊन पाटाला कान लावत होती. "शूऽऽ! इंजिन बोलतंय माझ्याशी! मस्कतमध्ये शेख लोक मला विचारल्याशिवाय किक मारत नव्हते!"

अम्मींना हसून हसून ठसका लागला होता.

"काय चाललंय हे?" दाऊदभाई गरजले.

"आगं बाय, भाय आले!" हौसा पदर सावरत उठली. "मी जाते. माजा भात करपंल."

अम्मींनी मुलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सुनेवरच डाफरल्या, "शहाबानो, आज स्क्रू फिरवला नाहीस होय गं?"

"कधी फिरवणार, अम्मी? सकाळपासून गाडीला चिकटून बसले होते!"

"म्हणजे? स्क्रू... तू?" दाऊदभाईंनी बायकोवर बोट रोखलं.

"तिला कशाला बोलतोस?" अम्मी म्हणाल्या. "तुझ्या अब्बांच्या वेळी मी फिरवायचे. मीच शिकवलंय तिला."

दाऊदभाईंनी आकाशपाताळ एक केलं. कुणी उलट बोललं नाही, पण भ्यालंही नाही. पुढचे दिवस फार वाईट गेले. गाडी आवाज न करता यायची, आणि दार ढकलावं तर दरवेळी नवीन काहीतरी दिसायचं. एकदा तर चक्क अम्मी त्यांच्यासारखं चालून दाखवत होत्या. टपरीवर ते घराचा विषय निघाला की चहात बिस्कीट बुडवत बसायला लागले. जळो ते ट्युनिंग!

शेवटी एका संध्याकाळी ते वळणावर उतरले. इकडेतिकडे पाहिलं. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्वतः लावलेला कार्बोरेटर स्वतःच्याच हाताने बिघडवला. गाडीने असे काही फटाके फोडले की मागच्या रिक्षावाल्याने शिवी हासडली. वर खबरदारी म्हणून साहेब तिथेच थोडे रेंगाळले आणि मग घरी गेले.

शिलाई मशीन चालू होतं. आयत पुस्तकात होती, अम्मी तसबीह ओढत होत्या. दाऊदभाईंची छाती फुगली. बोंबलाचा वास त्यांच्या नाकाला आला, तो त्यांनी मनावर घेतला नाही. खाकरून ते रुबाबात खुर्चीत बसले.

शहाबानोने मशीनवरून मान वर केली नाही.

"अहो," ती म्हणाली, "एवढा नका सोडत जाऊ. पाऊण फेरा पुरे होतो. जास्त सोडला की इंजिन तापतं."