फांदीची बढती

"चाळीस माणसं सांभाळली मी. एका झाडाची काय कथा?"

बायकोची बॅग गाडीत चढवताना साहेबांनी हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकवलं. साहेब म्हणजे कचेरीतले अधीक्षक. निवृत्त होऊन त्यांना पाच महिने झाले होते आणि आता ते घरात कुणाचेच साहेब नव्हते, पण गल्लीने तेवढी हाक शिल्लक ठेवली होती. मुलीला बाळ झालं होतं, म्हणून बायको तीन महिन्यांसाठी तिच्याकडे निघाली होती.

मागे राहणार होतं ते तिचं गुलाबाचं झाड. आईच्या दारातल्या गुलाबाचा डोळा रानगुलाबाच्या खुंटावर भरून तिने ते कलम वाढवलं होतं. पुढे आई गेली, घर विकलं, नव्या मालकाने अंगणात फरशी घातली. त्या गुलाबाचं जे काही उरलं होतं ते मागच्या अंगणातल्या कुंडीत होतं. तिने बजावलं एवढंच: ऊन सहा तास, पाणी मुळाशी घाला, पानांवर नको, आणि उगाच जास्त काही करू नका. यातलं शेवटचं साहेबांनी ऐकलंच नाही. नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाला ते ऐकू येत नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रजिस्टर उघडलं. रोज सकाळी साडेदहाला, म्हणजे कचेरीच्या वेळेला, ते फूटपट्टी घेऊन झाडाच्या तपासणीला जात. झाडाला तीन जुन्या फांद्या होत्या. खरबरीत, वाकड्या, पंधरा दिवसांत एखादं फूल देणाऱ्या. साहेबांनी शेरा मारला: कामात चालढकल.

बाराव्या दिवशी बुंध्याशी, मातीला लागून एक कोवळा कोंब फुटला. काय त्याचा जोम! आठवड्यात तो गुडघ्याला आला, महिन्याभरात कमरेला. ना कीड, ना पिवळं पान. साहेब खूश झाले. आपल्या खुर्चीवर बसलेला नवा अधीक्षकही असाच खालून सरसर वर आला होता, पण तो विषय ते काढत नसत.

मग त्यांना बुंध्यावरची गाठ दिसली. सुजल्यासारखी, ओबडधोबड. हा नक्कीच रोग, असं ठरवून त्यांनी ती मातीखाली गाडली. तरीही जुन्या फांद्या सुकायला लागल्या. तेव्हा साहेबांनी कात्री आणली आणि तिन्ही फांद्यांना मुळापासून सक्तीची निवृत्ती दिली. कापताना त्यांना बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा घरी दुसरं कुणीतरी बसलं होतं.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या ताई राहत. त्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर एक पत्र्याचा डबा होता. त्यात बोटभर काडी खोचलेली आणि वर काचेची बरणी उपडी घातलेली. साहेब येता-जाता भिंतीवरून त्यांना गुलाबाची निगा शिकवत.

"ताई, ती काडी फेकून द्या. ती काही जगत नाही."

ताईंच्या ओठांत टाचण्या असत. त्या काढून ताई म्हणाल्या, "बघू हो साहेब. जगली तर जगली."

दोन महिने झाले तेव्हा बायकोने फोनवर झाडाची चौकशी केली. साहेबांनी उंची सांगितली. तिने लगेच एका देठावर पानं किती आहेत, पाच की सात, तेवढं बघायला सांगितलं. साहेब फोन घेऊनच अंगणात गेले आणि मोजून आले.

"सात! आधी पाचच होती. दोन वाढवली मी."

पलीकडे बाळ रडलं.

"बरं," ती म्हणाली. "रक्तदाबाची गोळी घेताय ना?"

चौतीस वर्षांच्या संसारात साहेबांना दुसरं काही कळलं नसेल, पण तिचं 'बरं' कळत होतं. त्यांनी फांदीचा शेंडा तोडला आणि रोपवाटिकेत नेऊन दाखवला. तिथल्या माळ्याने तो हातातही घेतला नाही.

"सात पानं? हा खुंट आहे साहेब. कलमाच्या गाठीखालून फुटलेलं रान. दिसलं की त्याच दिवशी खुडायचं असतं, नाहीतर सगळं बळ तेच खातं. वरचा गुलाब कुठाय?"

"कापला."

"का?"

चाळीस माणसांना कारणं दाखवा नोटीस देणाऱ्या माणसाला एक कारण सापडेना. घरी येऊन त्यांनी गाठीवरची माती हाताने उकरली. गाठ काळी पडली होती. साहेब कुंडीच्या काठावर बसून राहिले. सासूबाईंच्या दारातला तो गुलाब त्यांनी पाहिला होता, त्याचा वासही घेतला होता, आणि आता तो नाहीसा करणारे तेच होते. लाज वाटते म्हणजे काय होतं, ते त्यांना त्या दुपारी कळलं.

पण लाज वाटली म्हणून सवय सुटते थोडीच? त्यांनी त्याच रंगाचा गुलाब विकत आणला, हात रक्तबंबाळ करून जुना खुंट उपटला आणि नवा त्या कुंडीत लावला. रंग जुळला. वास मात्र कणभर नव्हता. म्हणून बायको यायच्या सकाळी त्यांनी तिच्या कपाटातलं गुलाबपाणी फुलांवर शिंपडलं. आधी अर्धी बाटली, मग धीर सुटून उरलेलीही.

ती आली ती चपलांसकट थेट अंगणात. फुलावर वाकली, सरळ झाली.

"माझी बाटली संपली वाटतं."

साहेबांनी सगळं कबूल केलं, एका दमात. आता ही रडेल, नाहीतर पुन्हा मुलीकडे निघून जाईल, असं त्यांना वाटलं. तिने भिंतीपाशी जाऊन हाक मारली. ताईंनी पत्र्याचा डबा तिच्या हातात दिला. बरणी निघाली होती. काडीला पाच-पाच पानांचे चार देठ फुटले होते आणि टोकाला वाटाण्याएवढी कळी होती.

"जायच्या आदल्या दिवशी दोन काड्या दिल्या होत्या यांना," ती म्हणाली. "एक जगली."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. तो तिथे फार वेळ टिकला नाही.

"म्हणजे मी काय करणार हे तुला आधीच माहीत होतं?"

"चौतीस वर्षं झाली की आता."

"मग ते झाड माझ्यावर सोपवलंस कशाला?"

ती डब्यासाठी उन्हाची जागा शोधत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला काहीतरी काम नको होतं का?"

डब्याला पाणी घालावं म्हणून साहेबांनी झारी उचलली. तिने ती त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली आणि आजची गोळी घेतली का, असं विचारलं.

घेतली नव्हती.