न संपणारी उशी

कुंदा घोरपडे यांच्याकडून सोफ्याच्या उशीला कडेचं पायपिंग लावायचं राहून गेलं, त्यामुळे ती उशी कुठे संपेचना.

आधी ती सोफा व्यापून बसली, मग बैठकीची खोली, मग फाटकातून बाहेर पडून गल्लीत शिरली. गल्लीनं फारशी तक्रार केली नाही. सायकल दुरुस्तीवाले काझीचाचा दुपारी तिच्यावर पाठ टेकायला लागले आणि त्यांची कंबर बरी झाली. समोरच्या पाटणे बाई भाजी निवडायला तिथेच येऊन बसायच्या.

नगरपालिकेचे दणाणेसाहेब आले, ते चपला काढून आले.

"उशी तुमची?"

"हो," कुंदाताई म्हणाल्या.

"संपते कुठे?"

"अजून ठरलं नाही."

"शनिवारपर्यंत ठरवा. नाहीतर आम्हाला ती तुमच्या फाटकापाशी कापावी लागेल. कडा नसलेली वस्तू रस्त्यावर ठेवता येत नाही."

"कडा असली तर?"

दणाणेसाहेबांनी जरा विचार केला. "कडा असली तर हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कुंदाताईंचं शिलाई मशीन हातगाडीवर चढलं. पायपिंगच्या आत घालायला एवढी दोरी कुठून आणायची, हा प्रश्न होता; घरोघरच्या लोकांनी कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडून दिल्या आणि कपडे उशीवर पसरले. पट्टीसाठी कुणी जुनी साडी दिली, कुणी पडदा. काझीचाचा गाडी ढकलत होते, पाटणे बाई दोरीभोवती पट्टी दुमडून पुढे सरकवत होत्या, आणि जे घर कडेच्या आत येई तिथून चहा येत होता.

गल्लीच्या टोकाला मशीन थांबलं. तिथे कुंदाताईंच्या थोरल्या जाऊबाई कमळाअक्का राहत. नणंदेच्या लग्नात पंगतीला कोण कुणाच्या आधी बसलं, यावरून दोघी बोलत नव्हत्या. अक्का दारात उभ्या होत्या.

"माझं घर आत की बाहेर?" त्यांनी काझीचाचांना विचारलं.

काझीचाचांनी कुंदाताईंकडे पाहिलं.

"अक्का म्हणतील तसं," कुंदाताई मशीनकडे बघत म्हणाल्या.

"मी काही म्हणणार नाही."

उशीवर बसलेली सगळी गल्ली वाट बघत राहिली. कुंदाताईंचा पाय मशीनच्या पायडलवर होता, पण ते दाबवेना. उजवीकडे वळलं की अक्का कायमच्या बाहेर राहणार होत्या, आणि न विचारता सरळ गेलं तर त्यांना ते आवडलं नसतं.

अक्का बराच वेळ पट्टीकडे बघत होत्या.

"सरळ कापलीस," त्या शेवटी म्हणाल्या.

"काय?"

"पट्टी. उरेब कापायची असते, तिरकी. सरळ पट्टी कोपऱ्यावर वळत नाही, चुण्या पडतात. इथं कोपरा येणार ना?"

"इथंच येणार, अक्का."

"मग आण ती इकडं."

अक्का कात्री घेऊन आल्या, उशीवर मांडी घालून बसल्या आणि पट्टी उरेब कापायला लागल्या. कोपऱ्यापाशी त्यांनी तिला बारीक चिरा दिल्या, म्हणजे ती गोल वळावी. पट्टीचं टोक धरायला कुणीतरी हवं होतं, ते त्यांनीच धरलं. कुंदाताईंनी त्यांच्या पाठीमागून, त्यांच्या घरामागून, शेवग्याच्या झाडाला वळसा घालून शिवण नेली. अक्कांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तेव्हा तूच आधी बसलीस," त्या म्हणाल्या.

"भूक लागली होती, अक्का."

"मग तसं सांगायचं."

संध्याकाळच्या आत पायपिंगची दोन्ही टोकं जुळली आणि उशी संपली. दणाणेसाहेबांनी कडेवरून अंगठा फिरवत पूर्ण फेरी मारली. शेवग्याजवळच्या कोपऱ्यावर ते थोडा वेळ थांबले. "इथलं काम फार सुबक आहे," ते म्हणाले, आणि घरी फोन करून मंडळींनाही बोलावून घेतलं.

सोमवारपासून एसटी तिथे थांबायला लागली. कंडक्टर दार उघडून सांगतो, "उशीवाले उतरून घ्या, चपला हातात घ्या," आणि लोक चपला हातात घेऊन उतरतात.