नीलमुद्रण मंडळात छान म्हणत नाहीत

कलेला समाजाची गरज असते की नाही, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. कलावंताला मात्र दुसऱ्या कलावंतांची नितांत गरज असते, याबद्दल दुमत नाही. कारण त्याचं प्रदर्शन बघायला दुसरं कुणी येत नाही. एवढ्याच उदात्त हेतूने नीलमुद्रण मंडळाची स्थापना झाली. मी तुझं बघतो, तू माझं बघ, असा हा साधासुधा सहकार आहे. आणि सहकार म्हटला की जे जे ओघाने येतं, म्हणजे अध्यक्ष, पोटसमिती आणि रुसवेफुगवे, ते सगळं इथेही यथास्थित आहे.

मंडळाची जागा म्हणजे एक बंद पडलेली लॉण्ड्री. नळ, मोऱ्या आणि धुण्याच्या सोड्याची दोन पोती आयतीच मिळाली. पाटी बदलली तरी अधूनमधून कुणीतरी शर्टांचं गाठोडं घेऊन येतं, भिंतीवरच्या चौकटींकडे एकवार बघतं आणि आल्या पावली परत जातं. (वार्षिक अहवालात यांची नोंद 'सामान्य रसिक' अशी होते. गेल्या वर्षी एकूण रसिकांत त्यांचं प्रमाण ऐंशी टक्के होतं. उरलेले वीस टक्के सभासदांचे जावई.)

अशा या मंडळात दातांचे एक डॉक्टर दाखल झाले, ते कलेसाठी नव्हे. तशी अटही कुठे नव्हती.

डॉक्टरांची बायको आदल्या वर्षी गेली होती. घरातले सगळे फोटो हयातभर तिनेच काढले, त्यामुळे ती एकाही फोटोत धड नव्हती. असलीच तर कडेला खांद्यापर्यंत, नाहीतर कुणाच्या तरी डोक्याआड. कपाट आवरताना डॉक्टरांना एक जुनी निगेटिव्ह सापडली, चांगली तळहाताएवढी. लग्नानंतर कुठल्याशा स्टुडिओत काढलेली. तीत ती एकटी होती आणि सरळ समोर बघत होती. तो स्टुडिओ केव्हाच उठला होता.

मुलगी तिच्या छोटीला घेऊन परगावी असायची. निगेटिव्हचं कळल्यावर फोनवर म्हणाली, "बाबा, त्या फोटोची एक प्रत मला करून द्या ना. छोटीला आजी दाखवायला माझ्याकडे काहीच नाही."

कोपऱ्यावरच्या दुकानात टाकली असती तर दुपारपर्यंत काम झालं असतं. पण ते परक्या हाती द्यायला डॉक्टरांचं मन होईना. लॉण्ड्रीवरची नवी पाटी त्यांनी जाता-येता वाचली होती. ते आत शिरले.

काम तसं सोपं होतं. कागदाला औषध चोपडायचं, तो अंधारात वाळवायचा, वर निगेटिव्ह ठेवून काच दाबायची, उन्हात धरायचं आणि मग नळाखाली धुवायचं. ऊन पोचेल तिथे निळं, अडेल तिथे पांढरं. हे त्यांना शिकवलं मंडळातल्या सगळ्यात जुन्या सभासद बाईंनी. त्यांच्या नखांतला निळा रंग सणावारी, लग्नाकार्यातही निघत नसे, म्हणून सगळे त्यांना निळी मावशी म्हणत. (तो त्या मुद्दाम निघू देत नाहीत, असं काही असंतुष्ट सभासदांचं मत आहे.)

पहिल्याच खेपेला घोटाळा झाला. काच ठेवायला डॉक्टर वाकले आणि कपाळावरचा घाम टपकन कागदावर पडला. धुतल्यावर साडीच्या निऱ्या आल्या, खुर्चीचा हात आला, मांडीवरचे हात आले. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग.

डॉक्टर कागद चुरगळणार, तोच मावशींनी त्यांचा हात धरला. "थांबा. हे पाहणीला ठेवू."

पाहणी हा मंडळाचा प्राण आहे. चित्र भिंतीला लागतं आणि सभासद त्यासमोर उभे राहतात. आधी दोन पावलं मागे यायचं. मग मान डावीकडे कलती करायची (उजवीकडे कलती करणाऱ्याला अजून शिकायचं आहे असं समजतात). मग 'हं' म्हणायचं. त्यानंतर ज्याला जमेल त्याने एखादं भाववाचक नाम उच्चारावं. 'अवकाश' कुठेही चालतं. 'शांतता' जपून वापरतात. 'छान' म्हणायचं नाही. पूर्वी एका सभासदाच्या तोंडून ते निघून गेलं होतं; ते हल्ली बागकाम करतात.

अध्यक्ष विमा कंपनीतून निवृत्त झालेले, त्यामुळे माणसाच्या जाण्याबद्दल बोलण्याचा त्यांना दांडगा अनुभव. ते बराच वेळ डागाकडे बघत राहिले.

"तुम्ही त्यांना जाऊ दिलंत," ते शेवटी म्हणाले.

"जाऊ कसलं देतोय," डॉक्टर म्हणाले. "घाम पडला माझा."

"घाम." अध्यक्षांनी शब्द जिभेवर घोळवला. "अश्रूला घाम म्हणायला छाती लागते, डॉक्टर."

सभासदांनी माना डोलावल्या. कुणीतरी 'अनुपस्थिती' म्हणालं. तीस वर्षं लोकांनी डॉक्टरांसमोर फक्त भीतीने तोंड उघडलं होतं. कौतुकाने उघडलेली तोंडं ते पहिल्यांदाच बघत होते. घरी जाताना त्यांची चाल जराशी बदललेली होती.

पुढच्या रविवारी त्यांनी डोक्याला रुमाल बांधला आणि पुन्हा छाप काढला. या वेळी सगळं आलं. ती जशी होती तशी अख्खी कागदावर आली, आणि डॉक्टर नळ बंद करायचं विसरून तिच्याकडे बघत बसले. हाच कागद वाळवून पाकिटात घातला असता तर ही कथा इथेच संपली असती आणि मंडळाचं फार नुकसान झालं असतं. पण डॉक्टरांना वाटलं, आधी पाहणीला ठेवू.

कुणी मागे सरलं नाही. मान कुणाची कलली नाही.

"फोटो आलाय," निळी मावशी म्हणाल्या. घरात कुणाला ताप आलाय, हे ज्या सुरात सांगतात, त्या सुरात.

"अहो, फोटोच काढायचा होता," डॉक्टर म्हणाले.

अध्यक्षांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "होतं असं. पहिल्या उंचीनंतर माणूस घसरतो. धीर सोडू नका."

"सोड्यात बुडवा," मावशींनी सुचवलं. "जरा मोकळी होईल."

धुण्याच्या सोड्यात निळा रंग फिका पडतो. मावशींचा बेत थोडंसं फिकं करण्याचा होता. पण लॉण्ड्रीचा सोडा, तो काय कुणाच्या बेताने चालतोय. डॉक्टरांनी चिमट्याने कागद बाहेर काढला तेव्हा त्यावर फक्त पिवळट ओल होती.

"अजून एक काढता येईल," ते स्वतःशीच म्हणाले. निगेटिव्ह होती ना.

त्याच सुमारास वार्षिक प्रदर्शन जवळ आलं. अध्यक्ष म्हणाले, एका चित्राने माणूस नशीबवान ठरतो, पाच चित्रांनी कलावंत. तेव्हा मालिका हवी. डॉक्टर कामाला लागले. पण नेमक्या जागी घाम काही केल्या पडेना. ते जिना चढून-उतरून आले, भर उन्हात उभे राहिले. घाम पडे तो कधी खुर्चीवर, कधी निऱ्यांवर. ब्रशने पाण्याचा थेंब सोडून पाहिला, तर मावशींनी लांबूनच ओळखलं. "हा पाडलेला डाग आहे, डॉक्टर. पडलेला नाही." आणि एव्हाना डॉक्टरांचा हात इतका बसला होता की बाकी कागदांवर चेहरा हटकून स्वच्छ यायचा. असे कागद ते लाजून सोड्यात टाकत.

मुलीचा फोन आला. "झाली का हो प्रत?"

"होतेय," डॉक्टर म्हणाले. "जरा काम चाललंय त्यावर."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोन पेशंटांच्या मधल्या वेळात त्यांनी निगेटिव्ह दिव्याखाली धरली. दातांवरचं कीटण खरवडायचं बारीक हत्यार हातात घेतलं. मिनिटभर ते तसेच बसले. बाहेर बसलेल्या बाईंना आतून डॉक्टर कुणाशी तरी हळू बोलल्यासारखे वाटले. मग त्यांनी चेहरा खरवडून काढला. हात सवयीने हलका होता; कडेला कुठे चरा गेला नाही. "दुखणार नाही," असं मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलंच.

निगेटिव्हचा तेवढा भाग आता आरपार होता. तिथून ऊन बेधडक खाली गेलं आणि पाचही कागदांवर चेहऱ्याच्या जागी गडद निळा खड्डा उमटला.

पाहणीत सगळे तीन पावलं मागे सरले. एक पाऊल जास्त. असं मंडळात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

प्रदर्शनाला मुलगी आली, छोटीला कडेवर घेऊन. ती पहिल्या चित्रापासून पाचव्यापर्यंत गेली, परत पहिल्यापाशी आली.

"बाबा, यात आई कुठाय?"

"जरा लांबून बघ."

ती मागे सरत सरत दारापर्यंत गेली. "आता?"

"आता तिचं नसणं दिसेल तुला."

"ते मला घरीच दिसतं, बाबा," मुलगी म्हणाली. "मूळची निगेटिव्ह द्या. मी दुकानातून करून घेते."

डॉक्टरांनी तिला सांगितलं. सांगताना त्यांनी 'हस्तक्षेप' हा शब्द वापरला. तिने छोटीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पायऱ्या उतरून गेली. डॉक्टर दोन पायऱ्या उतरलेही. पण तेवढ्यात अध्यक्ष मागून आले.

"काय बोलली हो तुमची मुलगी. 'ते मला घरीच दिसतं.' पुढच्या निमंत्रणावर हीच ओळ घेऊ. तिची हरकत नसावी."

"नसावी," डॉक्टर म्हणाले, आणि परत आत गेले.

ओळ छापली गेली. डॉक्टर आता मंडळाचे उपाध्यक्ष आहेत, आणि नव्या सभासदांना मान किती कलवायची ते शिकवतात.

वाचकहो, आपण इथवर आलात. अध्यक्षांना हसलात, डॉक्टरांवर चिडलात, मुलीसाठी थोडं वाईटही वाटून घेतलंत. डॉक्टरांची बायको दिसायला कशी होती, हे या सगळ्यात एकदाही आलेलं नाही, आणि आपलं त्यावाचून काही अडलं नाही. सभासद व्हायला एवढी पात्रता पुरते. दर रविवारी सकाळी या.